परक्या संस्थेला बकेट उघडून देताना: एस३, गूगल क्लाउड स्टोरेज आणि अझूर ब्लॉब

दोन संस्थांनी एकाच डेटावर काम करायचं ठरलं की घाईघाईत बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट होते. ज्याचा डेटा आहे तो आपल्या अकाउंटमध्ये एक नवा युजर काढतो, त्याची ॲक्सेस की आणि सिक्रेट की तयार करतो आणि मेलने पाठवून मोकळा होतो. पाच मिनिटांचं काम. पण ती ॲक्सेस की स्वतःहून कधीच संपत नाही, समोरच्या संस्थेत ती कितीजणांच्या लॅपटॉपवर गेली ते कळत नाही, आणि लॉगमध्ये तो परका माणूस आपलाच म्हणून दिसतो. हे टाळण्यासाठी तिन्ही मोठ्या क्लाउड सेवांनी (ॲमेझॉन एडब्ल्यूएसच्या एस३ने, गूगल क्लाउड स्टोरेजने आणि मायक्रोसॉफ्टच्या अझूर ब्लॉबने) आपापली व्यवस्था दिली आहे. ती कितपत धड आहे, एवढंच इथे पाहायचं आहे.

सोयीसाठी, ज्याची बकेट (क्लाउडमधली फाइली ठेवायची जागा) तो मालक आणि ज्याला आत यायचंय तो पाहुणा. मालकाला एक फोल्डर वाचायला द्यायचाय आणि दुसऱ्या फोल्डरमध्ये पाहुण्याकडून निकालाच्या फाइली परत घ्यायच्यात. दोघांचं अकाउंट वेगळं, ॲडमिन वेगळा, बिल वेगळं.

पारखायच्या गोष्टी तीन. दार उघडायला खटपट किती, नकार आला तर कारण कळतं का, आणि काम संपल्यावर दार खरोखर बंद होतं का. उघडण्यात आणि कारण सांगण्यात गूगल पुढे आहे. नेमकेपणात एस३चा हात कोणी धरणार नाही, पण तिथवर पोचेपर्यंत घाम निघतो. अझूरकडे चांगला रस्ता आहे, फक्त जो तो आडवाटेने जातो. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही.

एस३: होकार दोन्ही घरांचा

एस३ २००६ पासून चालू आहे आणि त्याच्या परवानग्यांवर त्या वयाचे थर दिसतात. आयएएम पॉलिसी (युजरला किंवा रोलला लावलेले नियम), बकेट पॉलिसी (बकेटला लावलेले नियम), एसीएल (बकेट-फाइलींवरची हक्कांची जुनी यादी), ॲक्सेस पॉइंट (बकेटचं वेगळं दार), ॲक्सेस ग्रँट्स: एकाच दाराला पाच तऱ्हेची कुलपं. दोन संस्थांच्या व्यवहारात मूळ नियम मात्र एकच, आणि तो लग्नासारखा आहे. होकार दोन्ही घरांचा लागतो, नकार एकाचा पुरतो. एकाच अकाउंटच्या आत युजरच्या पॉलिसीत किंवा बकेटच्या पॉलिसीत, कुठेही एकदा 'अलाउ' असलं की भागतं. अकाउंट वेगळं झालं की मालकाच्या बकेट पॉलिसीत अलाउ हवा आणि पाहुण्याच्या स्वतःच्या आयएएम पॉलिसीतही हवा. म्हणूनच मालकाने आपल्या घरच्या युजरवर करून पाहिलेली चाचणी पास होते आणि तीच मांडणी पाहुण्याकडे गेल्यावर आपटते.

मांडणी अशी. पाहुण्याकडून त्याचा १२ अंकी अकाउंट नंबर आणि ज्या रोलने (कामापुरती घ्यायची ओळख) काम होणार त्याचा पूर्ण एआरएन (एडब्ल्यूएसमधला पूर्ण पत्ता) मागवायचा. बकेट पॉलिसीत तीन वेगळी कलमं लिहायची. पहिल्यात लिस्टबकेट (यादी पाहण्याची मुभा), रिसोर्स म्हणून नुसता बकेटचा एआरएन, आणि प्रीफिक्सची (नावाच्या सुरुवातीची) अट घालून ते एका फोल्डरपुरतं बांधायचं. दुसऱ्यात गेटऑब्जेक्ट (फाइल वाचण्याची मुभा), आणि रिसोर्सच्या शेवटी फोल्डरचं नाव, तिरपी रेघ, तारा (*). तिसऱ्यात परतीच्या फोल्डरसाठी पुटऑब्जेक्ट (फाइल टाकण्याची मुभा). मग हेच सगळं पाहुण्याच्या ॲडमिनने आपल्या रोलच्या पॉलिसीत उतरवायचं. चाचणी कमांड लाइनवरून घ्यायची. वेब कन्सोलच्या यादीत दुसऱ्याच्या अकाउंटमधली बकेट दिसतच नाही, ती यादी फक्त स्वतःच्या बकेटची असते. 'आमच्याकडे काहीच दिसत नाही' हा निरोप बहुधा यामुळेच येतो, परवानगीमुळे नाही.

तारा विसरणं ही नेहमीची चूक. लिस्टबकेट हे बकेटवरचं काम, गेटऑब्जेक्ट हे ऑब्जेक्टवरचं, म्हणजे आतल्या फाइलीवरचं. दोन्ही एका कलमात कोंबून रिसोर्स एकच दिला तर बकेट पॉलिसी सेव्ह व्हायलाच नकार देते, हे बरं. पाहुण्याच्या बाजूची आयएएम पॉलिसी मात्र निमूट सेव्ह होते आणि नंतर ४०३ (परवानगी नाही) देत बसते.

या ४०३ची आणखी एक खोड. पाहुण्याला लिस्टबकेट दिलेलं नसेल आणि त्याने अस्तित्वातच नसलेली फाइल मागितली, तर एस३ ४०४ (फाइल सापडली नाही) देत नाही, ४०३ देतं. हेतू बरोबर आहे: ज्याला यादी पाहायची मुभा नाही त्याला 'ही फाइल नाही' हेसुद्धा कळू नये. पण व्यवहारात फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर चुकलेलं असतं आणि दोन्हीकडचे ॲडमिन दिवसभर पॉलिसीचा कीस पाडत बसतात. म्हणून निदान चाचणीच्या काळात लिस्टबकेट देऊन ठेवावं.

पॉलिसीत पाहुणा कोण हे दोन प्रकारे लिहिता येतं, आणि इथे एस३ खरोखर दगा देतं. प्रिन्सिपलमध्ये (परवानगी कोणाला, हे सांगणाऱ्या रकान्यात) पाहुण्याच्या रोलचा एआरएन लिहिला की सेव्ह होताना एडब्ल्यूएस त्याचं रूपांतर त्या रोलच्या आतल्या आयडीत करून ठेवतं. दिसायला एआरएनच दिसतो. पुढे पाहुण्याने तो रोल डिलीट करून त्याच नावाने पुन्हा काढला (टेराफॉर्म या स्वयंचलित साधनाने उभारणी करणाऱ्यांकडे हे सर्रास होतं), की ॲक्सेस गेला. नाव तेच असलं तरी आयडी नवा असतो. मालक पॉलिसी उघडतो तेव्हा एआरएनच्या जागी 'ए-आर-ओ-ए'ने सुरू होणारी अक्षरांची माळ दिसते. इथवर ठीक, सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच. चीड येते ती पुढे: ती माळ तशीच ठेवून पॉलिसीत दुसरा कुठलाही बदल करायला गेलं तर 'इनव्हॅलिड प्रिन्सिपल' म्हणून सगळी पॉलिसीच नाकारली जाते. म्हणजे एका पाहुण्याने आपला रोल काढून टाकला आणि दुसऱ्या पाहुण्याचं काम अडलं.

यावर उतारा म्हणजे प्रिन्सिपलमध्ये पाहुण्याचं सबंध अकाउंट लिहायचं आणि अटीत प्रिन्सिपल एआरएनची तुलना करायची. अट नुसती अक्षरं जुळवते, त्यामुळे रोल पुन्हा काढला तरी चालतो. अकाउंट लिहिताना एआरएनच्या शेवटी 'रूट' येतं. हे पाहून अनेकजण दचकतात, तर काहीजण उलट समजतात की फक्त रूट युजरलाच परवानगी मिळाली. दोन्ही चूक. इथे रूट म्हणजे 'हे अख्खं अकाउंट, आत कोणाला द्यायचं ते त्यांच्या ॲडमिनने ठरवावं'. अट न घालता नुसतं रूट लिहून सोडलं तर कोण आत येणार हे ठरवण्याचा हक्कच मालकाने सोडून दिला, एवढं ध्यानात ठेवावं.

दुसरा मार्ग रोलचा. मालक आपल्या अकाउंटमध्ये रोल काढतो, त्याच्या ट्रस्ट पॉलिसीत (तो रोल कोण घेऊ शकतो ते ठरवणाऱ्या नियमांत) पाहुण्याचं नाव घालतो आणि पाहुणा असूमरोल करून तात्पुरती ओळख घेतो. ही ओळख डिफॉल्टने १ तास टिकते, जास्तीत जास्त १२ तासांपर्यंत वाढवता येते. पण पाहुणा आधीच एका रोलमध्ये असेल आणि त्यातून हा दुसरा रोल घेत असेल तर १ तासाच्या वर जात नाही. रात्रभर चालणारी मोठी कॉपी तासाभराने मध्येच पडते ती इथे. पाहुणा अनेक ग्राहकांचं काम करणारी सेवा असेल तर ट्रस्ट पॉलिसीत एक्स्टर्नल आयडीची अट हवीच. नाहीतर त्या सेवेचा दुसरा एखादा ग्राहक मालकाच्या रोलचा एआरएन तिच्या फॉर्ममध्ये भरून मालकाचा डेटा तिच्याच हातून काढून घेऊ शकतो. हा आयडी सेवेने प्रत्येक ग्राहकासाठी वेगळा काढून द्यायचा असतो. ग्राहकालाच 'काहीतरी टाका' म्हणणारी सेवा दिसली तर तिथे सावध व्हावं.

रोलची खरी अडचण कॉपीत आहे. रोल घेतला की आपली मूळची परवानगी बाजूला पडते. एका बकेटमधून दुसऱ्या बकेटमध्ये थेट कॉपी करायची तर एकाच ओळखीला इकडे वाचता आणि तिकडे लिहिता यायला हवं. मालकाचा रोल घेतलेल्या पाहुण्याला स्वतःच्याच बकेटमध्ये लिहिता येत नाही, जोवर त्याच्या बकेट पॉलिसीत मालकाच्या त्या रोलला मुभा नाही. म्हणून डेटा उचलून न्यायचा असेल तर बकेट पॉलिसी, आणि बकेटशिवाय आणखी चार सेवा वापरू द्यायच्या असतील तर रोल, असा साधा हिशेब ठेवावा.

चढवलेली फाइल कोणाची

ही एस३ची सगळ्यात बदनाम झालेली बाजू. पूर्वी पाहुण्याने मालकाच्या बकेटमध्ये फाइल टाकली की तिचा मालक पाहुणाच राहायचा. बकेट आपली, भाडं आपण भरतोय, आणि आपल्यालाच फाइल उघडायला ४०३. पाहुण्याने अपलोड करताना बकेटच्या मालकाला पूर्ण हक्क देणारा एसीएल जोडला तरच सुटका. नोव्हेंबर २०२१ मध्ये एसीएल पूर्ण बंद करण्याची सोय आली आणि एप्रिल २०२३ पासून नव्या बकेटना तीच डिफॉल्टने लागू झाली. आता आत येईल ते बकेटच्या मालकाचं.

जुन्या बकेटवर मात्र हा बदल आपोआप झालेला नाही. ऑब्जेक्ट ओनरशिपमध्ये 'बकेट ओनर एन्फोर्स्ड' निवडावं. त्याआधी पाहुण्याच्या स्क्रिप्ट तपासाव्यात, कारण त्यात दुसरा कुठला एसीएल पाठवला जात असेल तर ती अपलोड ४०० देऊन पडेल. मालकाला पूर्ण हक्क देणारा जुना एसीएल असेल तर हरकत नाही, तो चालतो.

पुटऑब्जेक्ट म्हणजे नवी फाइल टाकण्याचीच नव्हे, तर त्याच नावाची जुनी फाइल पुसून वर लिहिण्याचीही मुभा. डिलीटची परवानगी दिली नाही म्हणून निर्धास्त राहू नये. परतीच्या फोल्डरसाठी बकेटवर व्हर्जनिंग (फाइलीच्या जुन्या प्रती राखणं) चालू असावं.

चावीचं प्रकरण

पॉलिसी दोन्हीकडे बिनचूक, यादी दिसते, आणि फाइल उतरवताना नकार. असं झालं की वेळ न दवडता एन्क्रिप्शन पाहावं. ५ जानेवारी २०२३ पासून एस३ प्रत्येक नवं ऑब्जेक्ट स्वतःच्या चावीने एन्क्रिप्ट करतं. त्या प्रकारात पाहुण्याला काहीच वेगळं लागत नाही. बकेटवर केएमएस (एडब्ल्यूएसची चाव्या सांभाळणारी सेवा) निवडलं असेल तर मात्र तिसरं कुलूप येतं. त्यातही एडब्ल्यूएसने आपोआप दिलेली एस३ची केएमएस चावी असेल तर विषयच संपला: तिची पॉलिसी बदलता येत नाही, म्हणून ती परक्या अकाउंटला देताच येत नाही. स्वतः काढलेली चावीच हवी. तिच्या पॉलिसीत पाहुण्याला वाचण्यासाठी डिक्रिप्ट आणि लिहिण्यासाठी जनरेटडेटाकी द्यायचं, आणि पाहुण्याच्या आयएएम पॉलिसीत त्या चावीचा पूर्ण एआरएन घालून तेच पुन्हा. मोठ्या फाइलीची अपलोड तुकड्यातुकड्याने होते, तिला जनरेटडेटाकीबरोबर डिक्रिप्टही लागतं. छोटी चाचणी फाइल चढते आणि खरी मोठी फाइल पडते, त्याचं कारण हे.

यातला सगळ्यात खोल खड्डा म्हणजे चावीचं टोपणनाव. बकेटच्या डिफॉल्ट एन्क्रिप्शनमध्ये चावीचा पूर्ण एआरएन न देता एलियस दिला, तर केएमएस तो एलियस विनंती करणाऱ्याच्या अकाउंटमध्ये शोधतं. पाहुण्याकडे योगायोगाने त्याच नावाचा एलियस असला, आणि दोन्ही संस्थांनी एकच नमुना वापरला असेल तर तो असतोच, की फाइल पाहुण्याच्या चावीने बंद होऊन मालकाच्या बकेटमध्ये बसते. अपलोड यशस्वी, एरर नाही, आणि महिन्याभराने मालकाला उघडत नाही. तेव्हा डिफॉल्ट एन्क्रिप्शनमध्ये नेहमी पूर्ण एआरएन.

या एका बाबतीत गूगल आणि अझूर दोन्ही सुखाचे आहेत. गूगलमध्ये ग्राहकाची चावी लावली तरी ती वापरतो मालकाच्या प्रोजेक्टचा सर्व्हिस एजंट (गूगलच चालवतं ते आतलं खातं). अझूरमध्ये स्टोरेज अकाउंट स्वतः की व्हॉल्टशी (अझूरच्या चाव्यांच्या तिजोरीशी) बोलतं. पाहुण्याला चावीचा पत्ताही लागत नाही. तरी एस३च्या त्रासाला एक मोल आहे. बकेटची पॉलिसी चुकून सैल झाली तरी चावीशिवाय कोणी वाचू शकत नाही, आणि चावीच्या पॉलिसीतून एक नाव काढलं की सगळी वाचनं एका जागी थांबतात.

नकार कोण देतंय ते कळत नाही

वरचं सगळं जुळूनही नकार आला, तर दोष बहुधा दोघांच्याही हातात नसतो. पाहुण्याच्या संस्थेच्या मध्यवर्ती टीमने सर्व्हिस कंट्रोल पॉलिसीने 'संस्थेबाहेरच्या बकेटला हात लावायचा नाही' असं बजावलेलं असतं. किंवा पाहुण्याची मशीन व्हीपीसी एंडपॉइंटमधून (खासगी नेटवर्कमधून एस३कडे जाणाऱ्या वाटेने) जाते आणि त्या एंडपॉइंटच्या पॉलिसीत फक्त घरच्याच बकेटची नावं असतात. मालकाकडूनही असं होतं: नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या रिसोर्स कंट्रोल पॉलिसीने बाहेरच्या सगळ्यांना एकदम मज्जाव करता येतो, आणि बकेटच्या टीमला ते ठाऊकही नसतं. बकेट पॉलिसीत आयपी पत्त्याची अट असेल तर एंडपॉइंटमधून येणारा पाहुणा त्या अटीत बसतच नाही. तिथे सोर्स व्हीपीसी एंडपॉइंटची अट लागते.

आणि या सगळ्यावर एस३चं उत्तर एकच: ॲक्सेस डिनाइड. कुठल्या पॉलिसीने अडवलं हे एकाच अकाउंटच्या आत सांगितलं जातं, वेगळ्या संस्थेच्या पाहुण्याला नाही. गुपित राखण्याच्या दृष्टीने समजण्यासारखं, पण निस्तरणाऱ्याला यातना. एवढ्यासाठी एस३चा एक गुण कापायलाच हवा. क्लाउडट्रेलमध्ये (एडब्ल्यूएसच्या नोंदवहीत) ऑब्जेक्टच्या पातळीवरच्या नोंदी डिफॉल्टने बंद असतात. भागीदारी सुरू होण्याआधी त्या बकेटपुरत्या चालू कराव्यात. नंतर चालू केल्याने आधीचं काही दिसत नाही.

पाहुणे वाढले की बकेट पॉलिसीची २० केबीची मर्यादा आड येते. तोवर वाट पाहू नये. दोन-तीन पाहुण्यांनंतर प्रत्येकाला वेगळा ॲक्सेस पॉइंट काढून द्यावा; त्याची पॉलिसी वेगळी, नाव वेगळं, आणि एकाचा पॉइंट काढून टाकला तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. बकेट पॉलिसीत मग एकच कलम राहतं, 'आमच्या अकाउंटच्या ॲक्सेस पॉइंटमधून आलेल्यांना येऊ द्या'.

बंद करण्यात एस३ चांगलं आहे, फक्त मार्गानुसार फरक पडतो. बकेट पॉलिसीतून कलम काढलं की पुढच्या विनंत्यांपासून नकार सुरू. रोलच्या बाबतीत ट्रस्ट पॉलिसीतून नाव काढलं तरी आधीच घेतलेली ओळख तिची मुदत संपेपर्यंत जिवंत राहते; त्यासाठी रोलच्या पानावर चालू सेशन रद्द करण्याचं बटण आहे, ते दाबायचं विसरू नये. प्रीसाइन्ड लिंक (आधीच सही केलेली, लॉगिनशिवाय चालणारी) जास्तीत जास्त ७ दिवसांची. तात्पुरत्या ओळखीने सही केली असेल तर ओळख संपली की लिंकही संपते, लिंकवर तारीख काही का असेना. '७ दिवसांची लिंक दिली होती, ती तासाभरात मेली' ही तक्रार तिथून येते.

गूगल: एका होकारात काम

इथे मालकाने बकेटच्या परवानग्यांत पाहुण्याच्या सर्व्हिस अकाउंटचा (माणसाऐवजी प्रोग्रॅमसाठी असलेल्या खात्याचा) ईमेल घातला, 'स्टोरेज ऑब्जेक्ट व्ह्यूअर' रोल दिला, संपलं. पाहुण्याच्या बाजूला काही लिहावं लागत नाही. बदल लागू व्हायला साधारण २ मिनिटं, कधी ७ किंवा जास्त. तेवढं थांबायचं सोडून लोक दुसरा रोल, तिसरा रोल देत सुटतात आणि पाहुण्याकडे गरजेपेक्षा जास्त हक्क साचतात.

नकाराचं कारण गूगल नीट सांगतं. कुठल्या ओळखीला कुठली परवानगी नाही, दोन्ही नावं एररमध्ये येतात. त्यातली एक वाचून गोंधळ उडतो: फक्त अपलोड करणाऱ्या पाहुण्याला 'डिलीटची परवानगी नाही' असं येतं. कारण 'ऑब्जेक्ट क्रिएटर' रोलला नवी फाइल टाकता येते, असलेल्या फाइलीवर लिहिता येत नाही. वर लिहिणं म्हणजे गूगलच्या हिशेबी आधी पुसणं. परतीच्या फोल्डरसाठी हे उत्तम आहे. एस३च्या पुटऑब्जेक्टपेक्षा हा विचार जास्त शहाणा.

अडथळा येतो तो संस्थेच्या धोरणाचा. कोणत्या डोमेनच्या ओळखी चालतील यावर बंधन घालणारं धोरण ३ मे २०२४ नंतरच्या नव्या संस्थांमध्ये सुरुवातीपासूनच लागू असतं, आणि मग बाहेरचा ईमेल घालताच तो परवानगी असलेल्या ग्राहकाचा नाही म्हणून नकार मिळतो. पाहुण्याच्या संस्थेचा कस्टमर आयडी त्या यादीत घालून घ्यावा. धोरणच बंद करून टाकू नये. हे धोरण मागे जाऊन काही काढत नाही, आधी दिलेले बाहेरचे हक्क तसेच राहतात. तेव्हा ते लावल्यावर जुनी यादी हाताने झाडावी.

हक्क ग्रुपला द्यायचा असेल तर ग्रुप कोणाचा हे आधी ठरवावं. पाहुण्याचा ग्रुप घातला तर उद्या त्यात कोण शिरेल ते पाहुण्याचा ॲडमिन ठरवणार. एस३तलं 'रूट' इथे दुसऱ्या वेशात येतं.

बंद करण्यासाठी गूगलची अट फार कामाची: परवानगी देतानाच मुदतीची तारीख घालता येते आणि त्या दिवशी ती आपोआप निष्प्रभ होते. तारखेची अट एस३च्या पॉलिसीतही घालता येते, पण गूगलच्या फॉर्मवर ती समोरच असते म्हणून घातली जाते. यासाठी बकेटवर युनिफॉर्म ॲक्सेस (फाइलगणिक एसीएल बंद) चालू लागतो. ९० दिवसांनंतर तो मागे घेता येत नाही, आणि घेण्याचं कारणही नाही. फोल्डरपुरता हक्क अटीतून देताना यादी मात्र दिसत नाही, कारण यादीची परवानगी बकेटच्या पातळीवर तपासली जाते. तिथे मॅनेज्ड फोल्डर (ज्यावर स्वतंत्र हक्क देता येतात असा फोल्डर) वापरावा.

अझूर: चांगला रस्ता आणि आडवाट

चांगला रस्ता असा की पाहुण्याच्या माणसाला एंट्रामध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ओळख-व्यवस्थेत) गेस्ट म्हणून बोलवायचं आणि त्या कंटेनरपुरता (अझूरमधल्या बकेटपुरता) 'स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर' रोल द्यायचा. लागू व्हायला १० मिनिटांपर्यंत लागतात. इथली ठरलेली फसगत म्हणजे 'ओनर' रोल. ओनर स्टोरेज अकाउंटचा कारभार बघू शकतो, पण त्या रोलमुळे आतला डेटा वाचायचा हक्क मिळत नाही. पोर्टलवर मात्र त्याला डेटा दिसतो, कारण पोर्टल मागच्या मागे अकाउंटची की वापरतं. मग 'पोर्टलवर दिसतं, कमांडने नाही' असं कोडं पडतं. एरर इथे बऱ्यापैकी बोलकी आहे: 'ऑथरायझेशन परमिशन मिसमॅच' आलं तर रोल कमी आहे, 'ऑथरायझेशन फेल्युअर' आलं तर आधी फायरवॉल पाहावी, 'ऑथेंटिकेशन फेल्ड' आलं तर सही किंवा घड्याळ.

पण बहुतेक ठिकाणी हा रस्ता सोडून सॅस टोकन दिलं जातं. म्हणजे लिंकच्या शेपटीला जोडलेली सही: कोणते हक्क, कधीपासून, कधीपर्यंत, आणि शेवटी सिग्नेचर. ज्याच्या हाती लिंक तो धनी. अकाउंटच्या कीने सही केलेलं टोकन कितीही वर्षांचं काढता येतं, आणि अशी किती टोकनं काढली याची नोंद अझूरकडे नसते, कारण ती काढणाऱ्याच्याच मशीनवर तयार होतात. एक टोकन फुटलं तर फक्त ते रद्द करता येत नाही. की बदलावी लागते, आणि त्या कीने सही केलेली बाकी सगळ्या पाहुण्यांची टोकनं एकदम मरतात. तिसऱ्या कसोटीवर इतकी वाईट कामगिरी दुसऱ्या कुठल्याच मार्गाची नाही.

सॅस द्यावंच लागलं तर दोनच प्रकार पत्करावेत. एक, युजर डेलिगेशन सॅस: सही एंट्राच्या ओळखीने, मुदत जास्तीत जास्त ७ दिवस. दुसरा, कंटेनरवर स्टोर्ड ॲक्सेस पॉलिसी काढून टोकन तिला बांधायचं. पॉलिसी पुसली की साधारण ३० सेकंदांत टोकन निकामी होतं. पण एका कंटेनरवर अशा ५च पॉलिसी बसतात, म्हणून दर पाहुण्याला वेगळा कंटेनर. सुरुवातीची वेळ टोकनात घालू नये किंवा १५ मिनिटं मागची घालावी, नाहीतर दोन मशीनच्या घड्याळांतल्या फरकाने नवंकोरं टोकन नाकारलं जातं. आणि एंट्राच्या रस्त्यावर सगळे आले की स्टोरेज अकाउंटवर शेअर्ड की (अकाउंटच्या कीने आत येण्याची सोय) बंद करून टाकावी. तोपर्यंत रोल कितीही नेटके असोत, मागचं दार उघडंच.

बिल कोणाच्या नावावर

डेटा बाहेर नेण्याचा खर्च मालकावर पडतो, हे भागीदारी ठरवताना विसरलं जातं. एस३त 'रिक्वेस्टर पेज' (मागणारा पैसे भरतो) ही सोय चालू केली की विनंतीचा आणि डेटा उतरवण्याचा खर्च पाहुण्याकडे जातो. पाहुण्याच्या प्रत्येक विनंतीत त्याला मान्यता देणारा हेडर लागतो, नसला तर ४०३. एक पाचर आहे: पाहुण्याने मालकाच्या अकाउंटमधला रोल घेऊन विनंती केली तर बिल रोलच्या अकाउंटला, म्हणजे परत मालकालाच. रिक्वेस्टर पेज हवं असेल तर बकेट पॉलिसीचाच मार्ग. गूगलमध्येही ही सोय आहे, तिथे पाहुण्याला बिलासाठी स्वतःचा प्रोजेक्ट द्यावा लागतो. अझूर ब्लॉबमध्ये अशी सोय नाही.

बाहेरून कोणी नाकारल्या जाणाऱ्या विनंत्यांचा मारा केला तर पूर्वी एस३ त्याचेही पैसे मालकाकडून घेत असे. मे २०२४ पासून संस्थेबाहेरून आलेल्या अशा ४०३चे पैसे लागत नाहीत. अर्धवट राहिलेल्या अपलोडचे मात्र लागतात. पाहुण्याची मोठी अपलोड मध्येच तुटली की चढलेले तुकडे बकेटमध्ये पडून राहतात, फाइलींच्या नेहमीच्या यादीत दिसत नाहीत आणि जागेचं भाडं मालकाच्या नावावर चालू राहतं. परतीच्या फोल्डरवर लाइफसायकल नियम लावून ७ दिवसांत पूर्ण न झालेल्या अपलोड टाकून द्याव्यात, आणि हा नियम पाहुण्याला पहिली परवानगी देण्याआधी लावावा.